‘काही नाही’ आणि ‘उशीर झाला’

परवा रविवारी लेकीचा पुण्याहून फोन आला. स्वर एकदम खुशीत. "आई, रिपोर्ट आले सगळे. साखर काठावर आहे, बाकी सगळं नॉर्मल. आणि हो, त्या पॅकेजमध्ये आर्थ्रायटिस प्रोफाइल पण होतं. तेही नॉर्मल! म्हणजे तुझे गुडघे काही माझ्याकडे आलेले नाहीत."

"बरं झालं बाई," म्हटलं आणि फोन ठेवला. पण मन काही स्वस्थ बसेना. लेक चव्वेचाळीस वर्षांची. बँकेत नोकरी, म्हणजे दिवसाचे आठ तास खुर्चीत. दिवाळीला आली होती तेव्हा जिना चढताना कठडा धरत होती, हे मी पाहिलं होतं. विचारलं तर म्हणाली, "अगं, बॅग जड होती." मीही त्या वयात असंच सांगायचे. माझ्या हातात वह्यांचा गठ्ठा असायचा, एवढाच फरक :-)

शेवटी तिला रिपोर्ट पाठवायला सांगितला आणि चष्मा लावून बसले. आर्थ्रायटिस प्रोफाइल या भारदस्त नावाखाली होतं काय? युरिक ॲसिड, आरए फॅक्टर, सीआरपी आणि ईएसआर. आता दोन गुडघ्यांपायी गेली पंचवीस वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या चढतेय (आणि पायऱ्या चढणं हेच तर दुखणं!), त्यामुळे एवढं मला कळतं. युरिक ॲसिड बघतात ते गाऊटसाठी. आरए फॅक्टर हा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी, म्हणजे ज्यात शरीराची संरक्षणयंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते त्या आजारासाठी. सीआरपी आणि ईएसआर या दोन तपासण्या अंगात कुठेतरी सूज, दाह आहे का एवढं सांगतात. कुठे आणि कशाने, ते सांगत नाहीत. माझ्या आईला जो होता, मला जो आहे, आणि आपल्या ओळखीतल्या निम्म्या मावश्या-आत्यांना जो आहे तो ऑस्टिओआर्थ्रायटिस. त्याचं भविष्य या चारांपैकी एकही तपासणी सांगत नाही.

म्हणजे लेक ज्या पेपरात पास झाली, तो पेपर वेगळ्याच विषयाचा होता! आणि पास झाले म्हणून ती निर्धास्त झाली, याची मला जास्त काळजी वाटली.

हे सगळं लिहायला बसण्याचं आणखी एक निमित्त आहे. माझी भाची अमेरिकेत असते. तिला माझ्या गुडघ्यांची सगळी कहाणी पाठ आहे. तिनं एक बातमी पाठवली. "मावशी, आता रक्ताच्या तपासणीवरून आठ वर्षं आधी कळणार गुडघे जाणार की नाही ते. तुझ्या वेळी हे असतं तर?"

तुझ्या वेळी हे असतं तर... या एका वाक्यानं मला दोन रात्री झोप लागली नाही. म्हणून आधी माझी वेळ सांगते.

आमची आई वाड्याचा जिना बसून उतरायची. एकेक पायरी, दोन्ही हात मागे टेकवून. आम्हां मुलांना त्याची इतकी सवय झाली होती की त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलंच नाही. कुणी विचारलं तर सांगायची, "वय झालं." तेव्हा तिचं वय होतं अठ्ठावन्न! मी आज पंचाहत्तरीला टेकले आहे, म्हणजे त्या वेळच्या आईपेक्षा सतरा वर्षांनी मोठी. आता तिची ती अठ्ठावन्न वर्षं मला पोरवयाची वाटतात.

माझं दुखणं सुरू झालं २००१ साली, पन्नाशीत. शाळेत माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. दिवसातून सात-आठ वेळा चढउतार. आधी उतरताना कळ यायची, मग चढतानाही. डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढायला लावला, फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "काही नाही. या वयात बायकांना असं होतंच." काही नाही म्हटल्यावर मीही गप्प बसले. घरी सांगितलं तर "डॉक्टर म्हणाले ना काही नाही?" असं ऐकायला मिळालं. मग मीच स्वतःला समजावलं की आपणच जरा नाजूक आहोत.

निवृत्तीनंतर, २०१२ साली, रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखायला लागलं. दुसरे डॉक्टर, दुसरा एक्स-रे. हे डॉक्टर म्हणाले, "गॅप गेली की हो बाई. उशीर केलात." २०१८ साली उजवा गुडघा बदलला. डावा अजून माझा आहे, कुरकुरत का होईना.

आधी ‘काही नाही’ आणि मग एकदम ‘उशीर झाला’. यांच्या मधे काही असतं की नाही? अकरा वर्षं मी दुखऱ्या पायानं फिरत होते. त्या अकरा वर्षांत माझ्या गुडघ्यात काहीतरी घडत होतं आणि ते बघायला कुणाकडे डोळाच नव्हता. माझा सगळा राग या मधल्या रिकाम्या जागेवर आहे. आणि भाचीनं पाठवलेली बातमी नेमकी या रिकाम्या जागेबद्दल होती, म्हणून ती मी तीन वेळा वाचली. मूळ शोधनिबंधाचा सारांशही तिच्याकडून समजावून घेतला.

आता थोडा तास घेते. (सवय जात नाही!)

आपल्या सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं. या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. मज्जातंतू नाहीत म्हणून ती खराब व्हायला लागते तेव्हा ती स्वतः ओरडत नाही. दुखतं ते आजूबाजूचं, म्हणजे सांध्याचं अस्तर, हाड, स्नायू. आणि एक्स-रेमध्ये कूर्चा दिसतच नाही! दिसतात ती हाडं. दोन हाडांमधली फट कमी झाली की कूर्चा गेली असावी असा अंदाज बांधायचा. हाडांना काटे फुटलेत का ते बघायचं. इंग्लंडमधल्या केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ साली यासाठी शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवून दिल्या, त्या आजही वापरतात. म्हणजे २००१ साली माझ्या डॉक्टरांनी फिल्म बघून ‘काही नाही’ म्हटलं ते अगदीच खोटं नव्हतं. फिल्ममध्ये काही नव्हतं. चूक एवढीच की फिल्ममध्ये नाही म्हणजे गुडघ्यात नाही, असं त्यांनी धरलं आणि मीही धरलं.

पण कूर्चा मोडते, तिची डागडुजी होते, तेव्हा तिच्यातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे सुटतात. ते सांध्यातल्या द्रवात येतात आणि तिथून रक्तात. घरात कुठेतरी वाळवी लागली की आधी भुसा दिसतो ना, तसंच काहीसं. हा भुसा रक्तात शोधायचा, अशी ही कल्पना आहे.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात व्हर्जिनिया बायर्स क्राउस या संशोधिका आहेत. त्यांच्या गटाचं काम एप्रिल २०२४ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात आलं. रक्त मात्र अमेरिकेतलं नव्हतं, लंडनजवळच्या चिंगफर्डमधल्या बायकांचं होतं. तिथे १९८९ मध्ये हजारभर मध्यमवयीन स्त्रियांची पाहणी सुरू झाली आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्या तपासण्या होत राहिल्या, रक्ताचे नमुने जपून ठेवले गेले. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटलं. आपल्याला स्वतःला काहीही मिळणार नाही हे ठाऊक असताना त्या बायका येत राहिल्या, रक्त देत राहिल्या. त्यांच्यापैकी दोनशे जणींचे नमुने या अभ्यासात घेतले. निम्म्या जणींना पुढे गुडघ्याचा आजार झाला होता, निम्म्यांना नव्हता. वयानं आणि वजनाच्या प्रमाणानं दोन्ही गट सारखे निवडले होते. मग जुन्या रक्तात शोधलं, तर अवघ्या सहा प्रथिनांच्या तुकड्यांवरून आजार होणाऱ्या आणि न होणाऱ्या जणी बऱ्यापैकी ओळखता आल्या. तेही एक्स-रेमध्ये काही दिसण्याच्या आधी, आठ वर्षांपर्यंत.

असाच शोध इतरत्रही चालू आहे. आइसलँडमध्ये सदतीस हजारांवर लोकांच्या रक्तातली जवळजवळ पाच हजार प्रथिनं तपासली गेली आणि सांध्याच्या या आजाराशी सर्वांत घट्ट नातं असलेलं एक प्रथिन २०२१ साली सापडलं. तेव्हा ही एखाद्या प्रयोगशाळेची हवेतली गोष्ट नव्हे, एवढं नक्की.

आता प्रश्न, ओळखता आल्या म्हणजे किती? उत्तर आहे ७७ टक्के. बातमीत हा आकडा वाचला की वाटतं, शंभर बायकांना तपासलं तर सत्याहत्तर जणींना बरोबर उत्तर मिळेल. तसं नाही. आजार होणारी एक आणि न होणारी एक अशी जोडी समोर उभी केली, तर शंभरातल्या सत्याहत्तर जोड्यांमध्ये तपासणी बरोबर बोट दाखवते. नाणं उडवलं तरी पन्नास जोड्या बरोबर येतातच. तेव्हा पन्नासापासून सत्याहत्तरपर्यंतची वाटचाल झाली आहे. चांगली आहे, पण पहिला नंबर द्यावा इतकी नाही.

त्याच अभ्यासात वय आणि वजन एवढ्यावरून अंदाज केला तर ५१ टक्के आले आणि गुडघेदुखीवरून केला तर ५७. हे वाचून कुणी म्हणेल, "बघा, वजनाचा काही संबंधच नाही!" अहो, दोन्ही गट वयानं-वजनानं सारखे निवडल्यावर वजनावरून फरक कसा कळणार? सगळी मुलं एकाच उंचीची निवडायची आणि मग म्हणायचं, उंचीवरून कुणी ओळखू येत नाही. तसं झालं ते.

आणखी एक हिशेब करून दाखवते. आकडे माझे आहेत, केवळ गणित समजावं म्हणून घेतलेत. समजा शंभर बायका आहेत आणि त्यांतल्या वीस जणींना पुढे आजार होणार आहे. तपासणी दोन्ही बाजूंनी चारांत तीन वेळा बरोबर येते. वीसपैकी पंधरा सापडल्या, पाच सुटल्या. उरलेल्या ऐंशीपैकी साठ जणींना योग्य उत्तर मिळालं, पण वीस जणींना उगाचच ‘तुम्हांला होणार’ असं सांगितलं गेलं. म्हणजे चिठ्ठी मिळाली पस्तीस जणींना आणि त्यांतल्या खऱ्या पंधराच. निम्म्याहून जास्त बायका विनाकारण घाबरणार. अभ्यासात आजारी आणि निरोगी निम्मे-निम्मे घेतलेले असतात. गल्लीत तसं नसतं, हे विसरून चालत नाही.

शिवाय त्या दोनशे जणी गोऱ्या ब्रिटिश. चूल, जातं, पाटावर बसून जेवण, उकिडवं बसून धुणं-भांडी या सगळ्यातून गेलेले आपल्याकडचे गुडघे त्यांत नाहीत. फरक पडतो का? पडतो. बीजिंगमधल्या वयस्क स्त्रियांमध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा गुडघ्याचा हा आजार जास्त आढळला, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. आणि पुढे त्याच मंडळींनी तरुणपणीच्या तासन् तास उकिडवं बसण्याशी त्याचा संबंध दाखवला. चिंगफर्डचं माप आपल्या बायकांना लावायचं असेल, तर आधी ते आपल्या बायकांवर तपासून घ्यायला हवं.

इतकं वाचून तुम्ही म्हणाल, बाई या तपासणीच्या विरोधात दिसतात. नाही हो. मी शिक्षिका आहे, चाचणीच्या विरोधात कशी असेन? वार्षिक परीक्षेत नापास झाल्यावर कळलं तर त्या वर्षाचं काही करता येत नाही. घटक चाचणीत कळलं तर हातात सहा महिने असतात. एक्स-रे ही वार्षिक परीक्षा आहे आणि ही रक्ततपासणी म्हणजे घटक चाचणी होऊ शकते. ती यावीच असं मला मनापासून वाटतं. दुखणं घेऊन गेलेल्या पन्नाशीच्या बाईला ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवणं तरी त्यामुळे थांबेल.

पण घटक चाचण्यांचं काय होतं तेही मी पस्तीस वर्षं पाहिलं आहे. गुण वहीत भरायचे, प्रगतिपुस्तकावर पालकांची सही आणायची, संपलं. कच्च्या मुलांना वेगळं शिकवायला ना वेळ, ना माणूस. ज्या चाचणीनंतर कुणी शिकवत नाही, तिनं फक्त शिक्के तयार होतात.

आणि शिक्क्याचं एक उदाहरण माझ्याच हातचं आहे. आजवर कुठे लिहिलं नव्हतं. आठवीतली एक मुलगी होती. पहिल्या दोन्ही चाचण्यांत गणितात अगदी कमी गुण. पालकसभेत तिचे वडील आले. मी घाईत होते, रांग मोठी होती. मी म्हटलं, "गणित काही हिला झेपेल असं दिसत नाही." एवढंच. त्यांनी हात जोडले आणि गेले. पुढच्या जूनमध्ये मुलगी शाळेत आली नाही. निरोप आला, बाईंनीच सांगितलंय झेपणार नाही, मग कशाला खर्च? मी घरी गेले, समजावलं, पण तोवर स्थळ बघायला सुरुवातही झाली होती. माझं बोलणं हा अंदाज होता. मला तिला मधल्या सुट्टीत बसवून अपूर्णांक शिकवायचे होते, ते वाक्य मात्र माझ्या मनातच राहिलं. आजही कुणी आकडा सांगून भविष्य सांगायला लागलं की मला त्या वडिलांचे जोडलेले हात दिसतात.

म्हणून चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला ‘तुझे गुडघे जाणार’ एवढंच सांगून जो थांबेल, त्याच्यावर माझा विश्वास नाही. ती काय करेल सांगू? चालणं कमी करेल. गुडघे जपून वापरायला लागेल. कारण आपल्या भाषेनंच आपल्याला तसं शिकवलं आहे. आपण म्हणतो गुडघे झिजले, वंगण संपलं. जणू काही ती सायकलची चेन आहे! झिजणारी वस्तू कमी वापरली की जास्त टिकते, असा साधा हिशेब. माझ्या सासूबाईंनी याच हिशेबानं शेवटची सहा वर्षं खाटेवर काढली.

रक्तातल्या या संशोधनानं मला सर्वांत मोठी गोष्ट शिकवली ती ही, की हे नुसतं झिजणं नाही. ती जिवंत शरीरातली उलाढाल आहे. मोडणं आहे, सांधणं आहे, दाह आहे. आणि ही उलाढाल एक्स-रे बिघडण्याच्या कितीतरी आधी चालू असते. म्हणजे मधल्या काळात काही करता येण्याजोगं आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ आलं की गुडघ्याला आधार मिळतो. चालण्यानं, व्यायामानं दुखणं कमी होतं. वजनाचं म्हणाल तर जाड माणसांमध्ये एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हे अमेरिकेत २००५ साली मोजून दाखवलं आहे. फ्रेमिंगहॅममध्येच ज्या स्त्रियांचं वजन दहा वर्षांत पाचेक किलोंनी उतरलं, त्यांच्यात दुखऱ्या गुडघ्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. हे प्रसिद्ध झालं १९९२ साली. १९९२! तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. माझ्यापर्यंत ते कुणी पोचवलं नाही. मला रक्ततपासणी नव्हे, हे एक वाक्य वेळेवर मिळायला हवं होतं.

भाचीच्या "तुझ्या वेळी हे असतं तर?" या प्रश्नाला माझं उत्तर हे असं आहे.

मग तपासणीचा उपयोग कुणाला? माझ्या मते आज तरी सगळ्यांत जास्त संशोधकांना. हा आजार मुळातून थांबवणारं औषध अजून नाही. नवं औषध चालतं की नाही हे एक्स-रेवरून ठरवायचं तर वर्षानुवर्षं थांबावं लागतं. रक्तातला भुसा कमी झाला का हे लवकर कळलं, तर औषधांची परीक्षा लवकर होईल. २०२० साली जगात साठ कोटींच्या आसपास लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस होता. एवढ्या माणसांसाठी वाट बघायला हरकत नाही, पण ती वाट जितकी आखूड होईल तेवढी बरी.

पण दुकानं वाट बघत नाहीत, ही माझी भीती आहे. आज ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ या नावाखाली भलत्याच तपासण्या विकून माझ्या लेकीला निर्धास्त करता येतं, तर उद्या ही सहा प्रथिनं पॅकेजात घालून दुसऱ्या कुणाच्या लेकीला घाबरवता येईल. विम्याच्या फॉर्मवर एक रकाना वाढेल. स्थळं बघताना पत्रिकेबरोबर रिपोर्टही मागतील. हसू नका, आपण काय काय मागितलेलं आहे ते आठवा.

सरकारनं २०१७ च्या ऑगस्टमध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या प्रकारच्या गुडघ्याची किंमत ५४,७२० रुपये ठरवली. माझ्या ऑपरेशनला त्याचा फायदा झाला, मी ऋणी आहे. पण ही मदत प्रवासाच्या अगदी शेवटच्या स्टेशनावर मिळते. आधीच्या स्टेशनांवर कोण उभं आहे? तालुक्याच्या दवाखान्यात चाळिशीतल्या बाईला दहा मिनिटं बसवून, "हा पाय असा उचला, असं खुर्चीतून उठा," हे शिकवणारं माणूस किती ठिकाणी भेटतं? माझं म्हणणं एवढंच आहे की ते माणूस आधी यावं आणि तपासणी त्याच्या मागून. तपासणी आधी आली आणि माणूस आलंच नाही, तर आपण आणखी एक शिक्का तयार केला असं होईल.

आता लेकीचं काय केलं ते सांगते. सोमवारी तिला पुन्हा फोन लावला आणि सरळ सांगितलं, "तुझा रिपोर्ट नॉर्मल आहे, पण तो तुझ्या गुडघ्यांबद्दल काही सांगत नाही." जरा चिडली. "आई, तुला मला आजारीच पाडायचंय का?" म्हणाली. मी म्हटलं, "तुला होईल की नाही मला माहीत नाही. कदाचित होणारही नाही. मी भविष्य सांगत नाहीये, गृहपाठ देतेय." त्यावर हसली.

गृहपाठ असा. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं-बसायचं. पलंगावर पडून पाय सरळ ठेवून उचलायचा, दहा मोजायचे, मग दुसरा पाय. बँकेतून येताना एक स्टॉप आधी उतरायचं. आणि हे पुन्हा दुखायला लागलं तर ‘बॅग जड होती’ म्हणायचं नाही, फिजिओथेरपिस्टकडे जायचं. (तुम्ही कुणी करणार असाल तर तुमचं दुखणं असेल त्याप्रमाणे आधी विचारून घ्या. मी बीए मराठी आहे, डॉक्टर नाही!)

रोज रात्री साडेनऊला ती फोन स्पीकरवर ठेवते आणि मोठ्यानं मोजते. इकडे मीही माझ्या उरलेल्या डाव्या पायासाठी आणि बदललेल्या उजव्यासाठी तिच्याबरोबर उठते-बसते. ती दहावर असते तेव्हा मी सहावर. काल नात मधेच ओरडली, "आजी, तू आकडे गाळतेस!" गाळत होते खरं.

असो. तुमच्या घरात कुणाला अशी ‘प्रोफाइलं’ नॉर्मल आली असतील तर त्यात नेमकं काय तपासलं आहे ते एकदा चष्मा लावून वाचा. आणि चाळिशीत पहिल्यांदा गुडघा दुखला तेव्हा तुम्हांला कुणी काय सांगितलं होतं, ते मला जरूर लिहून कळवा.